संयुजा पाठ करू नका, मोजायला शिका: वसईच्या मिठागरापासून घरातल्या बादलीपर्यंत

नववीचं वर्ष सुरू झालं की घराघरांत एक तक्ता पाठ होऊ लागतो. सोडिअम एक, मॅग्नेशिअम दोन, ॲल्युमिनिअम तीन, क्लोराइड एक, सल्फेट दोन. मुलं रात्री म्हणतात, सकाळी विसरतात. परीक्षेत सूत्र चुकतं, मार्क जातात आणि मग मुलगा किंवा मुलगी ठरवून टाकते की "सायन्स आपल्याला जमणारं नाही." दहावीनंतरची शाखा कित्येकदा या एका भीतीवर ठरते. अम्मी-अब्बांनाही वाटतं की हा विषय हुशार पोरांचा, आपल्या घरचा नाही.

आम्हाला इथं एवढंच सांगायचं आहे की संयुजा ही पाठांतराची गोष्ट नाही. ती मोजण्याची गोष्ट आहे. आणि ते मोजमाप शिकायला वसई-विरारपेक्षा चांगली जागा शोधूनही सापडणार नाही. कारण आपल्याकडे मिठागरं आहेत, बोअरचं जड पाणी आहे आणि गाळ्यांमधलं प्लेटिंगचं काम आहे. या तिन्ही ठिकाणी संयुजा डोळ्यांसमोर काम करताना दिसते.

मिठाचा एक खडा

लोकलने भाईंदरहून नायगावकडे येताना खाडीच्या आसपास मिठागरं दिसतात. जूचंद्र, राजावली या भागांतही पिढ्यान् पिढ्या मीठ पिकवलं गेलं. या मिठाचं शास्त्रीय नाव सोडिअम क्लोराइड. शाळेत मुलं त्याचं सूत्र "एनएसीएल" असं म्हणतात.

आता प्रश्न असा की सोडिअमचा एक अणू क्लोरीनच्या एकाच अणूशी का जोडला जातो? दोघांशी का नाही?

प्रत्येक अणूच्या मध्यभागी केंद्रक असतं आणि त्याभोवती कवचांमध्ये इलेक्ट्रॉन असतात. सोडिअममध्ये ११ इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांची मांडणी २, ८, १ अशी असते. क्लोरीनमध्ये १७ असतात, मांडणी २, ८, ७. निऑन, अरगॉन यांसारख्या राजवायूंच्या सगळ्यात बाहेरच्या कवचात ८ इलेक्ट्रॉन पूर्ण भरलेले असतात, त्यामुळे ते सहसा कुणाशी जोडले जात नाहीत. बाकीच्या मूलद्रव्यांची धडपड बहुतेक वेळा तिथं पोहोचण्याची असते. यालाच पुस्तकात अष्टक म्हणतात.

सोडिअमला आठ पूर्ण करायचे तर सोपा रस्ता कोणता? बाहेरचा एक इलेक्ट्रॉन देऊन टाकायचा. आतलं आठचं कवच मग बाहेरचं होतं. क्लोरीनला सात आहेत, त्याला एक हवा. एकाला एक द्यायचा आहे, दुसऱ्याला एक घ्यायचा आहे. व्यवहार जमला.

म्हणजे अणू जेवढे इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा दुसऱ्यासोबत वाटून घेतो, तो आकडा म्हणजे त्याची संयुजा. सोडिअमची १, क्लोरीनची १. शब्दातच अर्थ आहे: संयोग करण्याची, जोडलं जाण्याची क्षमता.

गंमत म्हणजे हा आकडा माणसाला इलेक्ट्रॉनच्या आधी सापडला. एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मांडलं की प्रत्येक मूलद्रव्याची जोडलं जाण्याची ताकद ठरलेली दिसते. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी लावला तो १८९७ मध्ये, म्हणजे ४५ वर्षांनी. तोपर्यंत लोक फक्त वजनं करून, मोजून हा आकडा काढत होते.

आयन म्हणजे काय?

इथं पोरांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून नीट समजून घेऊ.

सोडिअमने एक इलेक्ट्रॉन दिला. इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो. ऋण वस्तू बाहेर गेली म्हणजे मागे धन शिल्लक राहिलं. हा झाला सोडिअमचा धन आयन, त्याच्यावर +१ प्रभार. क्लोरीनने तो इलेक्ट्रॉन घेतला, त्याच्यावर −१ प्रभार आला. हा क्लोराइडचा ऋण आयन. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात आणि मिठाचा खडा तयार होतो.

आयनावरच्या प्रभाराला चिन्ह असतं, अधिक किंवा उणे. संयुजेला चिन्ह नसतं, ती नुसती संख्या. क्लोराइडचा प्रभार −१, पण संयुजा १. परीक्षेत "संयुजा लिहा" म्हटलं तर चिन्ह लावायचं नाही.

आणखी एक प्रश्न मुलं विचारतात. सोडिअमचं नाव एस अक्षराने सुरू होतं, मग त्याची संज्ञा "एनए" का? आणि पोटॅशिअमची "के" का? "एनए" हे लॅटिन नाव नेट्रिअमवरून आलं. "के" आलं कॅलिअमवरून, आणि कॅलिअमचं मूळ आहे अरबी "अल-कली", म्हणजे वनस्पती जाळून उरलेली क्षाराची राख. "अल्कली" हा शब्दही तिथलाच. म्हणजे वर्गाच्या भिंतीवर टांगलेल्या आवर्तसारणीत एका चौकटीतलं अक्षर अरबीतून आलेलं आहे. विज्ञान परक्यांचं नाही, हे पोरांना सांगायला एवढं पुरेसं आहे.

मीठ पावसाळ्यात ओलं का होतं?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला तीन चतुर्थांशांहून जास्त भाग आपल्या खाण्याच्या मिठाचा. उरलेल्यात मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, पोटॅशिअम, सल्फेट असे आयन असतात.

मिठागरात भरतीचं पाणी आत घेतात आणि उथळ खाचरांतून पुढं पुढं नेत उन्हात आटवतात. पाणी आटताना सगळे क्षार एकाच वेळी खाली बसत नाहीत. आधी चुनखडी आणि जिप्सम, म्हणजे कॅल्शिअमचे क्षार, बसतात. मग मीठ बसतं. शेवटी उरतं ते कडू पाणी, ज्यात मॅग्नेशिअम भरपूर असतं. हे कडू पाणी वेळेवर काढून टाकावं लागतं, नाहीतर मीठ कडवट होतं.

आता मॅग्नेशिअम मोजू. त्याचे १२ इलेक्ट्रॉन, मांडणी २, ८, २. बाहेर दोन आहेत. तो दोन देणार, म्हणून संयुजा २. पण क्लोरीन एकावेळी एकच घेतो. मग मॅग्नेशिअमच्या एका अणूला क्लोरीनचे दोन अणू लागतात. तयार होतं मॅग्नेशिअम क्लोराइड, "एमजीसीएल टू". तो "टू" कुठून आला, हे आता पाठ करायची गरज नाही.

हाच मॅग्नेशिअम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेतो. साध्या खडेमिठात तो थोडा राहून गेलेला असतो, म्हणून जुलै महिन्यात बरणीतलं खडेमीठ पाझरतं. शुद्ध केलेल्या पाकिटातल्या मिठातून तो बराचसा काढलेला असतो, म्हणून ते मोकळं राहतं.

सूत्र लिहायची रीत

एकदा संयुजा कळली की सूत्र लिहिणं हा हिशेब आहे. शाळेत त्याला तिरकस गुणाकार म्हणतात. तीन पायऱ्या आहेत.

१. आधी धन आयन लिहा, मग ऋण आयन.
२. प्रत्येकाच्या खाली त्याची संयुजा लिहा.
३. संयुजा तिरकस अदलाबदल करा. दोन्ही संख्यांना एकाच आकड्याने भाग जात असेल तर भागून टाका.

ॲल्युमिनिअम (३) आणि ऑक्सिजन (२) घ्या. अदलाबदल केली की ॲल्युमिनिअमचे २, ऑक्सिजनचे ३. पडताळा पाहा: दोन ॲल्युमिनिअम प्रत्येकी तीन देतात, झाले ६. तीन ऑक्सिजन प्रत्येकी दोन घेतात, झाले ६. देणं आणि घेणं बरोबर बसलं. हिशेब जुळला नाही तर सूत्र चुकलं, हे मुलाला स्वतःलाच कळेल, सरांना विचारायची गरज नाही.

मॅग्नेशिअम (२) आणि ऑक्सिजन (२) घेतले तर दोनास दोन येतात. भागून एकास एक.

काही आयन एकट्या अणूचे नसतात, अणूंचा गट मिळून असतो. त्यांना संमिश्र मूलकं म्हणतात. हा गट एकच माणूस समजून वागवायचा. नेहमी लागणारे हे:

- हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट: संयुजा १
- सल्फेट, कार्बोनेट: संयुजा २
- फॉस्फेट: संयुजा ३
- अमोनिअम: संयुजा १, आणि हा मात्र धन आयन आहे

घरातली उदाहरणं घेतली की हे लक्षात राहतात. चुन्याची निवळी म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. कॅल्शिअम २, हायड्रॉक्साइड १, म्हणून हायड्रॉक्साइडचे दोन गट. इथं गटाला कंस करून बाहेर दोन लिहायचा. कंस विसरला की नुसत्या हायड्रोजनला दोन लागतो आणि मार्क जातो. कल्हईवाले भांडं तापवून त्यावर चोळतात तो नवसागर म्हणजे अमोनिअम क्लोराइड. एक आणि एक, सरळ. जाबिर बिन हय्यान यांच्या नावाने असलेल्या जुन्या अरबी ग्रंथांतही हा पदार्थ नौशादर म्हणून येतो.

आणि पाणी? "एच टू ओ" मध्ये देणंघेणं नसतं, भागीदारी असते. ऑक्सिजनला दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात, हायड्रोजनला एक. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन आपापले इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात. तरी मोजणी तीच: ऑक्सिजन २, हायड्रोजन १.

साबणाला फेस का येत नाही?

आता घरात या. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात कपडे धुताना साबण झिजतो, पण फेस येत नाही. बादलीच्या कडेला पांढरट साय जमते. गिझरच्या कॉइलवर, नळाच्या तोंडावर पांढरा थर चढतो. हे जड पाणी. त्यात कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे आयन जास्त असतात.

साबण म्हणजे सोडिअम आणि तेला-चरबीपासून आलेल्या आम्लाचा आयन. दोघांची संयुजा १. हा साबण पाण्यात विरघळतो. पण जड पाण्यात कॅल्शिअम आहे, संयुजा २. तो एकटा साबणाचे दोन आयन पकडतो आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळत नाही. तीच ती साय. पाण्यातलं कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम संपेपर्यंत साबण असाच वाया जातो, फेस त्यानंतर येतो. म्हणजे दर महिन्याला साबणावर जादा जाणारे पैसे हे कॅल्शिअमच्या त्या "दोन"चे आहेत.

गिझरमधला थर कसा येतो? पाण्यात कॅल्शिअम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्याचं कॅल्शिअम कार्बोनेट होतं आणि ते खाली बसतं. कॅल्शिअम २, कार्बोनेट २, एकास एक. खडूसारखाच हा पदार्थ. म्हणून केटलीतला थर व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने सुटतो.

काही सोसायट्यांमध्ये सॉफ्टनर बसवलेला असतो आणि वॉचमन त्यात मिठाची पोती ओततो. पाणी गोडं करायला मीठ कशाला, असं वाटतं. यंत्रातल्या बारीक मण्यांवर सोडिअमचे आयन बसवलेले असतात. पाणी वरून गेलं की मणी कॅल्शिअम धरून ठेवतात आणि सोडिअम सोडतात. एका कॅल्शिअमच्या बदल्यात किती सोडिअम? दोन. सगळे सोडिअम संपले की पुन्हा मिठाच्या पाण्याने मणी भरून घ्यावे लागतात. म्हणून पोती. ज्याला ब्लड प्रेशरमुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, त्याच्या घरी सॉफ्टनरचं पाणी पिण्यासाठी वापरण्याआधी डॉक्टरांना विचारावं, त्याचं कारण हेच.

तुरटीबद्दलही एक गैरसमज आहे. तुरटी गढूळपणा घालवते, जडपणा नाही. तुरटीत ॲल्युमिनिअम असतं, प्रभार +३. पाण्यातल्या मातीच्या बारीक कणांवर ऋण प्रभार असतो, म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. ॲल्युमिनिअमचा तिप्पट प्रभार त्यांना एकत्र आणून खाली बसवतो. पण कॅल्शिअमवरही धन प्रभार असतो, त्यामुळे तुरटी त्याला हात लावत नाही. पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे हलकं झालं असं नाही, आणि जंतू मेले असंही नाही. पिण्याचं पाणी उकळायलाच हवं.

एकाच धातूच्या दोन संयुजा

आतापर्यंत सगळ्यांची संयुजा एकच होती. पण काही धातू परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त इलेक्ट्रॉन देतात. याला परिवर्ती संयुजा म्हणतात. तांबं १ किंवा २. लोखंड २ किंवा ३. दोन असेल तर फेरस, तीन असेल तर फेरिक.

काही बोअरचं पाणी काढताना स्वच्छ असतं, पण बादलीत तासभर ठेवलं की पिवळट-तांबूस होतं. पाणी कुणी बिघडवलेलं नसतं. जमिनीखाली लोह फेरस रूपात विरघळलेलं होतं. हवेतला ऑक्सिजन मिळाला, त्याने आणखी एक इलेक्ट्रॉन दिला, फेरिक झालं आणि गंजासारखं खाली बसू लागलं. दोनाचे तीन झाले, एवढंच.

हाच फरक आपल्या रक्तातही आहे. हिमोग्लोबिनमधलं लोह फेरस असेल तरच ते ऑक्सिजन वाहून नेतं. फेरिक झालं की नेत नाही. शाळेत मुलामुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. त्यातलं लोह फेरस रूपातलं, कारण शरीर ते सहज शोषतं. पालेभाज्या, डाळी यांतलं लोह बरंचसं फेरिक असतं. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला एक इलेक्ट्रॉन परत देऊन फेरस बनवतं. म्हणून डाळ-भाजीवर लिंबू पिळणं हा नुसता चवीचा मामला नाही. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर चहातला घटक लोहाला धरून ठेवतो आणि ते अंगी लागत नाही. आपल्या मुलींमध्ये रक्त कमी असल्याची तक्रार घरोघरी असते. गोळी जेवणानंतर द्या, चहा एक-दोन तास लांब ठेवा. गोळी कचऱ्यात टाकू नका.

दुसरं उदाहरण गाळ्यांमधलं. वालीव, सातिवली, गोखिवरे हा आपल्याकडचा कारखान्यांचा पट्टा. कुठेही क्रोम प्लेटिंगचं काम चालत असेल तर तिथं क्रोमिअम हा धातू लागतो. क्रोमिअमच्याही दोन अवस्था महत्त्वाच्या: तीन आणि सहा. (पुढच्या वर्गांत या आकड्याला ऑक्सिडीकरण अवस्था म्हणतात, पण कल्पना जवळची आहे.) सहाचं क्रोमिअम जास्त घातक. चकाकी आणण्यासाठी टाकीत जुन्या पद्धतीने वापरतात ते हेच. त्याच्या वाफेने आणि शिंतोड्यांनी हातावर खोल जखमा होतात, नाकाच्या आतला पडदा झिजून छिद्र पडतं आणि वर्षानुवर्षं श्वासातून गेलं तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. तीनचं क्रोमिअम त्या मानाने खूपच कमी घातक.

आपल्या घरातला कुणी अशा कामावर असेल तर रोज विचारा: हातमोजे, मास्क आहेत का? वाफ बाहेर काढणारा पंखा चालू असतो का? कपडे घरी आणून इतरांच्या कपड्यांत धुतले जातात का? डब्यावरच्या लेबलवर क्रोमिक ॲसिड किंवा क्रोमिअम सहा लिहिलेलं वाचता आलं, तर मालकाकडे काय मागायचं ते कळतं. नववीतल्या पोरीला संयुजा कळली असेल तर ती आपल्या अब्बांना हे लेबल वाचून सांगू शकते.

घरी सराव कसा करावा

तक्ता भिंतीला चिकटवा, हरकत नाही. पण आधी पहिल्या वीस मूलद्रव्यांची इलेक्ट्रॉन मांडणी मुलाकडून काढून घ्या. बाहेरच्या कवचात १, २ किंवा ३ असतील तर तेवढीच संयुजा. ५, ६ किंवा ७ असतील तर ८ मधून वजा करा. ४ असतील, जसं कार्बनमध्ये, तर ४. ८ पूर्ण असतील तर शून्य. हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन, त्याची संयुजा १. हेलिअमचं कवच दोनातच भरतं, त्याची शून्य. एवढं जमलं की अर्धा तक्ता आपोआप तयार होतो. पाठ करायला उरतात फक्त संमिश्र मूलकं आणि लोह-तांब्यासारखे थोडे धातू.

मग ही पाच सूत्रं करायला द्या: कॅल्शिअम क्लोराइड, अमोनिअम सल्फेट, पोटॅशिअम नायट्रेट, फेरिक ऑक्साइड, कॅल्शिअम फॉस्फेट. उत्तरं अशी, पहिल्याचे किती आणि दुसऱ्याचे किती या क्रमाने: १ आणि २, २ आणि १, १ आणि १, २ आणि ३, ३ आणि २. चुकलं तर रागावू नका. "कोण किती देतो, कोण किती घेतो?" एवढंच विचारा.

ज्या पालकांची तालीम सातवी-आठवीत थांबली, त्यांनाही हा प्रश्न विचारता येतो. बाजारातला हिशेब आपल्याला येतो. देणं आणि घेणं सारखं असलं पाहिजे, हे आपण रोज जगतो. अणूंचा व्यवहारही त्याच नियमाने चालतो. उद्या मीठ संपलं तर खडेमिठाचा एक खडा मुलाच्या हातावर ठेवा आणि विचारा, यात कोण कोण आहे आणि किती किती. तिथून सुरुवात करा.